रायफल सीमेपार आणताना-नेताना: परवाने, कागद आणि अडकण्याच्या जागा

कागदी_वाघ
परदेशातून रायफल विकत घेणं किंवा स्वतःची रायफल घेऊन दुसऱ्या देशात जाणं यावर प्रश्न वरचेवर येतात, आणि निम्मी उत्तरं "विक्रेता बघून घेतो" इथे संपतात. विक्रेता बघतो, पण त्याच्या बाजूचं. त्याला त्याच्या सरकारचा निर्यात परवाना काढता येतो, तुमच्या सरकारचा आयात परवाना नाही. आणि वाटेत विमान जिथे बदलतं तो देश तर दोघांच्याही गावी नसतो. म्हणून हा धागा. विषय फक्त नागरी रायफली, रीतसर मार्गाने.

क्रम आधी सांगतो, कारण सगळ्यात जास्त पैसे क्रम उलटा झाल्याने बुडतात.

पहिलं म्हणजे ती विशिष्ट रायफल बाळगायची परवानगी. "माझ्याकडे परवाना आहे" एवढ्याने भागत नाही. ब्रिटनच्या फायरआर्म सर्टिफिकेटवर प्रत्येक रायफलीची जागा कॅलिबरसकट (नळी-काडतुसाच्या मापासकट) आधी मंजूर असावी लागते. ती नसेल तर आधी सर्टिफिकेटात बदल, मग खरेदी. ऑस्ट्रेलियात बंदुकीचा परवाना वेगळा आणि त्या एका बंदुकीसाठी राज्याचं 'परमिट टु अक्वायर' वेगळं.

दुसरं, आयात परवाना. तिसरं, त्याची प्रत विक्रेत्याकडे जाते आणि तिच्या आधारे तो निर्यात परवाना मागतो. चौथं, वाटेतल्या देशाची हरकत नसल्याचं पत्र. मग वाहतूक, कस्टम, आणि शेवटी घरच्या पोलिसांकडे किंवा नोंदवहीत नोंद.

हा क्रम कोणा कारकुनाच्या लहरीतून आलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बंदुकांबाबतच्या प्रोटोकॉलमध्ये (३१ मे २००१ ला स्वीकारला, ३ जुलै २००५ पासून लागू) कलम १० हेच सांगतं: आयात करणाऱ्या देशाने परवाना दिलाय आणि मधल्या देशांची हरकत नाही, हे तपासल्याशिवाय निर्यात परवाना द्यायचा नाही. त्यामुळे "आधी माल पाठवा, परवाना मागाहून येतोय" असं कोणी म्हणालं तर त्याला या धंद्यातलं काही कळत नाही असं खुशाल समजा.

खटका_दुपदरी
उत्तम सुरुवात. पायाभूत प्रश्न: कायद्याच्या नजरेत "रायफल" म्हणजे नेमका कोणता तुकडा? फक्त नळी मागवली, किंवा फक्त बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा), तर ती रायफलीची आयात की सुट्या भागाची?

नळीवाला
याचं उत्तर देशागणिक बदलतं, आणि इथेच भलेभले फसतात.

अमेरिकेत देशांतर्गत व्यवहारात बंदूक म्हणजे रिसीव्हर, म्हणजे नळी, बोल्ट आणि खटका ज्यात बसतात तो मधला सांगाडा. नळी, बोल्ट, कुंदा, खटक्याचा संच हे सुटे भाग. दुकानात कोणीही विकत घेतो. त्यामुळे तिथल्या विक्रेत्यांना नळी पार्सलने पाठवणं म्हणजे भांडं पाठवण्याइतकं साधं वाटतं.

युरोपीय संघाच्या २०२१/५५५ या निर्देशात 'अत्यावश्यक घटक' अशी यादी आहे: नळी, फ्रेम, रिसीव्हर (वरचा आणि खालचा असे दोन भाग असतील तर दोन्ही), स्लाइड, सिलिंडर, बोल्ट किंवा ब्रीच ब्लॉक. यातला कुठलाही तुकडा सुटा असला तरी तो ज्या वर्गाच्या बंदुकीत बसतो त्याच वर्गात मोजला जातो. म्हणजे नळी मागवायची तर परवाना पूर्ण रायफलीसारखाच. ब्रिटनमध्येही दाब झेलणारे भाग (नळी, बोल्ट, ॲक्शन म्हणजे बोल्ट-रिसीव्हरची यंत्रणा) सर्टिफिकेटवर लागतात.

म्हणजे एकच नळी अटलांटिकच्या एका काठावर सुटा भाग आणि दुसऱ्या काठावर बंदूक. उलट दिशेलाही सोपं नाही: अमेरिकेत नळी विकायला परवाना लागत नसला तरी बाहेरून आणायला लागतो, आणि बाहेर पाठवायलाही तिच्यावर निर्यात नियंत्रण आहे. ज्या रायफली क्रीडा उपयोगाच्या मानल्या जात नाहीत त्यांच्या नळ्या तर २००५ पासून व्यापारी आयातीत अडवल्या जातात.

कुंदा, गोळी नसलेलं मॅगझीन, स्लिंगचे हुक, दुर्बिणीचे माउंट हे बहुतेक ठिकाणी मोकळे. "बहुतेक" म्हणतोय. मॅगझीनची क्षमता पुढे येईलच.

कलमदान
अमेरिकेत आयात कशी होते ते सविस्तर लिहितो, कारण तिथले शब्द इतर देशांच्या कागदांतही डोकावतात.

पाया १९६८ चा गन कंट्रोल ॲक्ट. मूळ नियम आयात बंद असा आहे. कलम ९२५(ड) मध्ये सूट आहे. सूट मिळायची तर रायफल क्रीडा उपयोगाला साजेशी हवी. बोल्ट, लिव्हर आणि एकेरी गोळीच्या रायफलींना यात सहसा अडचण येत नाही. अर्धस्वयंचलित रायफलींवर (दर वेळी खटका दाबला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते अशा) १९८९ मध्ये मोठी कात्री चालली आणि १९९८ मध्ये मोठ्या क्षमतेचं लष्करी मॅगझीन घेऊ शकणाऱ्या रायफली वगळल्या गेल्या.

सामान्य माणूस स्वतःच्या नावाने आयात करू शकत नाही. परवानाधारक विक्रेत्यामार्फतच करावी लागते. तो 'फॉर्म ६' भरतो, मंजुरीनंतर माल येतो, आणि कस्टममधून सोडवताना 'फॉर्म ६ए' लागतो. फॉर्म ६ म्हणजे परवानगी आणि ६ए म्हणजे आलेल्या मालाची पोच, हा फरक लक्षात ठेवा. फॉर्म ६ आला म्हणून निश्चिंत झालेल्यांचा माल ६ए नसल्याने गोदामात पडतो आणि भाडं चढत राहतं.

आयातदाराने रायफलीवर खूण कोरायची असते: आयातदाराचं नाव, त्याचं शहर आणि राज्य, मूळ देश, मॉडेल, कॅलिबर, सिरियल नंबर. खोली किमान ०.००३ इंच, सिरियल नंबरच्या अक्षरांची उंची किमान १/१६ इंच. जुन्या रायफलींच्या शौकिनांना ही कोरणी डोळ्यांत खुपते, पण ती टाळता येत नाही. फार तर नळीच्या खालच्या बाजूला, नजरेआड करून घ्या. तसं आयातदाराला आधीच लेखी सांगा. एकदा कोरलं की संपलं.

मूळ देशामुळेही गाडं अडतं. चीनमधून रायफली आणि काडतुसांची आयात १९९४ पासून बंद आहे. कालाश्निकोव्ह कन्सर्नवर जुलै २०१४ मध्ये निर्बंध आले. रायफल तिसऱ्याच देशातून येत असली तरी ती बनली कुठे ते विचारलं जातं. विक्रेत्याचा पत्ता युरोपातला आहे म्हणून माल युरोपातला ठरत नाही.

खटका_दुपदरी
आणि ते ९२२(आर) प्रकरण? अर्धस्वयंचलित रायफल पूर्ण आणता येत नसेल तर भाग आणून तिथे जोडायची, असं सर्रास वाचायला मिळतं.

कलमदान
अर्धवट वाचनाचा परिणाम. ९२२(आर) हे कलम नेमकी तीच वाट बुजवण्यासाठी आहे. जी अर्धस्वयंचलित रायफल तयार स्वरूपात आयातीस अपात्र आहे, ती आयात भागांतून जोडणंही गुन्हा. नियमात २० भागांची यादी आहे आणि त्यातले १० पर्यंतच परदेशी चालतात. यादीत रिसीव्हर, नळी, बोल्ट, गॅस पिस्टन, खटका, हॅमर, सिअर, कुंदा, पिस्तुली मूठ आणि मॅगझीनचे तीन तुकडेही आहेत. त्यामुळे परदेशी मॅगझीन लावलं की गणित तीनने बदलतं. मोजणी जोडलेल्या रायफलीची होते, मागवलेल्या पार्सलची नाही.

आणि एक रायफल तुकड्यातुकड्यांत, वेगवेगळ्या पार्सलांतून, "मशिनचे सुटे भाग" असं लिहून पाठवणं ही पळवाट नाही, तस्करी आहे. या धाग्यावर तो विषय इथेच थांबवू.

मोजपट्टी
कलमदान यांच्याशी सहमत. मॅगझीन आणि वर्गवारीबद्दल भर घालतो.

युरोपीय संघात तीन वर्ग: ए (मनाई), बी (परवानगी), सी (घोषणा). २०१७ च्या दुरुस्तीत डी वर्ग गेला. साधी बोल्ट रायफल सी मध्ये. सेंटरफायर (काडतुसाचा ठिणगी देणारा भाग बुडाच्या मध्यभागी असलेल्या) अर्धस्वयंचलित लांब बंदुकीत १० पेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझीन अडकवलं की ती ए मध्ये उडी मारते. रायफल तीच, मॅगझीन बदललं, वर्ग बदलला. म्हणून नेताना केसमध्ये चुकून राहिलेलं मोठं मॅगझीन ही किरकोळ बाब नाही. शिवाय हा निर्देश म्हणजे किमान मर्यादा. सदस्य देश त्याहून कडक वागू शकतात आणि वागतात.

कॅनडात सेंटरफायर अर्धस्वयंचलित रायफलीला साधारणपणे ५ गोळ्यांची मर्यादा. तिथे १ मे २०२० च्या आदेशाने सुमारे १५०० मॉडेलं एका रात्रीत मनाई वर्गात गेली आणि पुढे यादी वाढत गेली. त्याच आदेशात दोन मोजमापं आहेत: २० मिमी किंवा जास्त व्यासाची नळी, आणि १०,००० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा. .५० बीएमजी हे काडतूस त्या रेषेच्या कितीतरी पलीकडे. .३३८ लापुआ आत. पण हत्ती-म्हशींसाठीची काही अवजड काडतुसं रेषेच्या इतकी जवळ जातात की निव्वळ बोल्ट रायफल आहे म्हणून गाफील राहू नये.

ब्रिटनमध्ये .२२ रिमफायर (ठिणगी देणारा भाग बुडाच्या कडेत असलेली) सोडून अर्धस्वयंचलित रायफली १९८८ पासून बंद.

खरेदीआधी नेमकं मॉडेल, आवृत्तीसकट, त्या देशाच्या यादीत शोधा. "तशाच प्रकारची चालते" याला काही अर्थ नाही.

जुनीखोड
माझा प्रश्न जुन्या लष्करी बोल्ट रायफलींचा. शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर ती पुराणवस्तू आणि परवाना लागत नाही, बरोबर?

नळीवाला
चूक, आणि महागात पडणारी चूक. शंभर वर्षांचा नियम कस्टमच्या दरपत्रकातला आहे: १०० वर्षांहून जुनी पुराणवस्तू ९७०६ या शीर्षकाखाली जाते. तो कर किती लागेल एवढंच ठरवतो. शस्त्र कायद्यातली 'पुराणी बंदूक' ही निराळी व्याख्या आहे.

अमेरिकेत १८९८ मध्ये किंवा त्याआधी बनलेली. कॅनडात १८९८ च्या आधी बनलेली, आणि वर काडतुसाच्या अटी. म्हणजे १८९८ सालात बनलेली रायफल सीमेच्या एका बाजूला पुराणी आणि दुसऱ्या बाजूला नाही. ब्रिटनमध्ये २०२१ पासून नियमातच कालबाह्य काडतुसांची यादी आहे आणि १ सप्टेंबर १९३९ ची मर्यादा. तिथे वयापेक्षा काडतूस महत्त्वाचं. युरोपीय संघाने व्याख्या सदस्य देशांवर सोपवली आहे.

१९१६ ची रायफल शंभरी ओलांडूनही यांपैकी बऱ्याच ठिकाणी पूर्ण, जिवंत, परवान्याची रायफल आहे.

जुनीखोड
समजलं. मग १८९८ सिद्ध कशाने करायचं? विक्रेत्याचं पत्र चालतं?

नळीवाला
रायफलीवरचा पुरावा सगळ्यात बळकट. स्वीडिश १८९६ मॉडेलच्या रिसीव्हरच्या कड्यावर साल ठोकलेलं असतं, त्यामुळे वाद नाही. लुडविग लोव्हे, बर्लिन असा ठसा असलेल्या माउझर १८९८ च्या आधीच्याच, कारण १८९६-९७ च्या सुमारास ते नाव मागे पडलं. पुढे त्याच धंद्याचं डीडब्ल्यूएम हे नाव आलं. फिनलंडच्या एम३९ रायफली दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधल्या, पण अनेकींचे रिसीव्हर जुने रशियन आहेत. अमेरिकेत तारीख रिसीव्हरची धरतात, आणि ती टँगच्या (रिसीव्हरच्या मागच्या शेपटीच्या) खाली, कुंद्यात झाकलेली असते. फोटो घेताना कुंदा उतरवून टँगचा ठसा दाखवा, नाहीतर अर्ज लिहिणाऱ्याला १९४२ एवढंच दिसतं.

विक्रेत्याचं पत्र सोबत जोडा, पण एकट्या पत्रावर विसंबू नका.

आणि निकामी केलेल्या बंदुकीचं कोणी विचारण्याआधीच: युरोपीय संघात २०१५/२४०३ या नियमाप्रमाणे निकामी केलेली, खूण आणि प्रमाणपत्र असलेलीच ग्राह्य. दुसऱ्या देशाच्या जुन्या पद्धतीने नळीत पिन ठोकलेली रायफल सीमेवर चालू रायफल म्हणूनच धरली जाऊ शकते.

शून्य_साधक
आता विकत घेणं बाजूला ठेवून, स्पर्धा किंवा शिकारीसाठी रायफल तात्पुरती नेण्याबद्दल. कागद वेगळे आणि चुकाही वेगळ्या.

युरोपीय संघात 'युरोपियन फायरआर्म्स पास' असतो. मुदत कमाल ५ वर्षं, वाढवता येते. शिकारी आणि नेमबाजांना तो पास आणि जाण्याचं कारण सांगणारा पुरावा (आमंत्रण, स्पर्धेची नोंदणी) असेल तर बऱ्याच प्रवासांत आगाऊ मंजुरी लागत नाही. पण पासवर ती रायफल नोंदलेली हवी. नवी नळी नव्या कॅलिबरची बसवली तर पासही अद्ययावत करा. ब्रिटनमध्ये जाताना हा पास आता उपयोगाचा नाही. तिथे यजमानाने पोलिसांकडून 'व्हिजिटर्स परमिट' आधी काढायचं असतं. तो अर्ज तुम्ही करत नाही, यजमान करतो, हे आयत्या वेळी कळलं तर प्रवास गेला.

कॅनडात परदेशी पाहुण्याने 'आरसीएमपी ५५८९' (आरसीएमपी म्हणजे तिथलं केंद्रीय पोलीस दल) हा घोषणापत्राचा फॉर्म भरायचा. शुल्क २५ कॅनेडियन डॉलर, ६० दिवस तोच तात्पुरता परवाना. तीनपेक्षा जास्त बंदुका असतील तर जोडपत्र ५५९०. सही घरी करून जाऊ नका. अधिकाऱ्यासमोरच करायची असते, आधी केलेली असली तर पुन्हा नवा फॉर्म.

अमेरिकेत परदेशी पाहुण्याला 'फॉर्म ६एनआयए' आधी मंजूर करून घ्यावा लागतो. सोबत शिकारीचा चालू परवाना किंवा स्पर्धेचं आमंत्रण. शिकारीच्या परवान्याची मुदत तुम्ही तिथे पोहोचाल त्या दिवशी शिल्लक हवी, अर्जाच्या दिवशी नव्हे.

दक्षिण आफ्रिकेत 'एसएपीएस ५२०' हा तिथल्या पोलिसांचा फॉर्म. काळ्या शाईने भरा, सही पोलिसांसमोर करा, आमंत्रणपत्र जोडा.

कागदी_वाघ
शून्य_साधक, अमेरिकी नागरिकांच्या ४४५७ चं लिहा ना. त्यावरून दर हंगामात गोंधळ होतो.

शून्य_साधक
हो, ते राहिलं. कस्टम फॉर्म ४४५७ हा मुळात परवाना नाहीच. परदेशी जाताना बरोबर नेलेली वस्तू आधीपासून तुमचीच होती, परतताना ती नवी खरेदी समजू नये, एवढ्यासाठी तो आहे. निघण्याआधी रायफल घेऊन कस्टम कार्यालयात जायचं, अधिकारी सिरियल नंबर पाहून शिक्का मारतो. अमेरिकेत मालकीचा राष्ट्रीय परवानाच नसल्याने इतर देश, विशेषतः आफ्रिकेतले, हाच कागद मालकीचा पुरावा म्हणून धरतात.

घोळ असा की फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात एक मुदतीची तारीख छापलेली असते. ती सरकारी नमुन्याच्या छपाईची मुदत आहे, तुमच्या नोंदीची नाही. परदेशी अधिकारी ती वाचून "तुमचा परवाना संपलाय" म्हणतो. उपाय सोपा: निघण्याआधी नव्यात नव्या नमुन्यावर शिक्का घ्या, म्हणजे कोपऱ्यातली तारीख पुढचीच दिसेल.

निर्यातीची बाजूही आहे. मार्च २०२० पासून अमेरिकेतल्या बहुतेक नागरी रायफलींचं निर्यात नियंत्रण परराष्ट्र खात्याकडून वाणिज्य खात्याकडे गेलं. प्रवाशाच्या सामानाच्या सवलतीत तीनपर्यंत बंदुका आणि १००० काडतुसं स्वतःच्या वापरासाठी नेता येतात, आणि बंदुका परत आणायच्या असतात. तिथे विकून किंवा भेट देऊन येणं या सवलतीत बसत नाही. सायलेन्सर मात्र परराष्ट्र खात्याच्याच यादीत राहिला, तेव्हा रायफलीच्या कागदात तो खपवू नका.

खटका_दुपदरी
काडतुसांचं? ५ किलोचा नियम सगळीकडे आहे का?

शून्य_साधक
तो आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीचा नियम आहे: दर प्रवाशामागे ५ किलो, डब्यासकट ढोबळ वजन, फक्त वर्ग १.४एस (कमी धोक्याचा स्फोटक वर्ग) ची काडतुसं, चेक-इन सामानात, स्फोटक किंवा पेटत्या गोळ्या नाहीत. दोघांचे ५-५ किलो एका डब्यात भरता येत नाहीत. .३०८ कॅलिबरच्या वीस काडतुसांच्या खोक्याचं वजन साधारण अर्धा किलोच्या वर भरतं, म्हणजे १८० च्या आसपास काडतुसं. .२२ एलआर मात्र हजाराच्या वर सहज जातात.

विमान कंपनी यापेक्षा कमी मर्यादा घालू शकते आणि तिची परवानगी आगाऊ लागते. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्या कंपनीचं असेल तर उडवणाऱ्या कंपनीचा नियम लागतो. सुटी बारूद आणि प्रायमर सामानात अजिबात नाही.

युरोपीय संघाबाहेर तात्पुरतं नेताना २५८/२०१२ या नियमात शिकाऱ्याला ८०० आणि नेमबाजाला १२०० काडतुसांपर्यंत सोपी पद्धत दिली आहे. त्याच्या जागी २०२५/४१ हा नियम आला आहे, तेव्हा तुमच्या प्रवासाच्या दिवशी कोणता लागू आहे ते पाहून घ्या.

कलमदान
२५८/२०१२ मधलीच एक कामाची गोष्ट: मधल्या देशाला हरकत विचारली आणि २० कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं धरलं जातं. पण हे संघातून बाहेर निर्यात करताना. सगळ्या जगात गप्प बसणं म्हणजे होकार असतो असं नव्हे.

मोजपट्टी
प्रूफबद्दल, म्हणजे जादा दाबाच्या अधिकृत चाचणीबद्दल, कोणीच बोललं नाही अजून.

सीआयपी ही चाचणी-मानकांची संघटना, १९१४ पासून. १४ सदस्य देश. ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेन, ऑस्ट्रिया वगैरे. या देशांत मान्य प्रूफ खूण नसलेली रायफल विकता येत नाही. अमेरिका सदस्य नाही, तेव्हा अमेरिकेतून आलेली नवीकोरी रायफलसुद्धा आधी प्रूफ हाउसमध्ये जाते. ब्रिटनमध्ये ती लंडन किंवा बर्मिंगहॅमला.

चाचणी म्हणजे कमाल दाबाच्या सुमारे २५ टक्के वर दाब देणारी काडतुसं झाडणं. नवी रायफल सहसा निमूट पास होते. जुनी, झिजलेल्या हेडस्पेसची (मिटलेल्या बोल्टच्या तोंडापासून काडतूस टेकतं तिथपर्यंतचं अंतर), नळीत गंजाचे खड्डे असलेली रायफल नापास होऊ शकते किंवा चाचणीतच खराब होऊ शकते, आणि तो तोटा तुमचा. म्हणून जुनी रायफल मागवताना पैसे भरण्याआधी हेडस्पेस गेजने मोजून घ्यायला सांगा: 'गो' गेजवर बोल्ट मिटला पाहिजे, 'नो-गो' वर मिटता कामा नये. नळीच्या टोकाला नंतर सायलेन्सरसाठी आटे पाडले तर ब्रिटनमध्ये पुन्हा प्रूफ लागतं. आटे पाडायचेच असतील तर प्रूफला पाठवण्याआधी पाडून घ्या, एकाच फेरीत काम होतं.

कागदी_वाघ
आता माझ्या आवडीचा भाग: कागदावरच्या बारीक चुका. परवाना नाकारला जाण्यापेक्षा परवाना आणि माल न जुळल्याने अडकणारी पार्सलं कितीतरी जास्त.

सिरियल नंबरातलं शून्य आणि इंग्रजी 'ओ', एक आणि 'आय'. ठशाचा फोटो मागवा आणि नंबर त्यावरून टंका, विक्रेत्याच्या ईमेलवरून नको.

जर्मन लष्करी माउझरवर चार आकडी नंबराखाली एक छोटं अक्षर असतं. कारखाना ९९९९ नंतर पुढचं अक्षर घेऊन पुन्हा १ पासून सुरुवात करायचा, आणि साल बदललं की सगळं नव्याने. अक्षर सुटलं तर तोच नंबर डझनभर रायफलींचा होतो. कारखान्याचा संकेत, साल, नंबर आणि अक्षर, चारही लिहा.

बोल्टचा नंबर रिसीव्हरपेक्षा वेगळा असेल तर युरोपात तो स्वतंत्र घटक म्हणून लिहावा लागतो. न लिहिलेला बोल्ट म्हणजे परवान्याबाहेरचा बोल्ट.

कॅलिबरची नावं. रायफलीवर ७.६२×५१ आणि परवान्यावर .३०८ विंचेस्टर, किंवा ठशावर ८×५७ आयएस आणि अर्जात ८ मिमी माउझर. तज्ज्ञाला फरक समजतो, गोदामातल्या अधिकाऱ्याला दोन वेगळे शब्द दिसतात. ठशावर आहे तेच लिहा, दुसरं नाव हवं तर वर्णनात.

कस्टम शीर्षक: खेळाच्या आणि शिकारीच्या रायफली ९३०३, लष्करी शस्त्रं ९३०१, भाग ९३०५, काडतुसं ९३०६, रायफलीवर बसवायच्या दुर्बिणी ९०१३. जुनी लष्करी बोल्ट रायफल विक्रेत्याने उत्साहाने ९३०१ खाली टाकली की ती युद्धसामग्रीच्या रांगेत उभी. कुठलं शीर्षक लागेल ते आपल्या बाजूच्या कस्टम दलालाकडून आधी पक्कं करून विक्रेत्याला कळवा.

रायफलीवर दुर्बीण बसवून पाठवू नका. दुर्बिणीचं निर्यात नियंत्रण वेगळं असतं, आणि रात्री दिसणारी किंवा उष्णतेवर चालणारी असेल तर फारच वेगळं.

जुनीखोड
पैसे कधी द्यायचे? विक्रेता पूर्ण रक्कम आधी मागतो.

कागदी_वाघ
निर्यात परवान्याच्या अर्जासाठी त्याला पक्की विक्री दाखवावी लागते, तेव्हा काही रक्कम आधी देणं रास्त आहे. पूर्ण नाही. पावतीवर तीन ओळी हव्यात: कोणत्याही देशाने परवाना नाकारला तर किती परत, परवाना येईपर्यंत रायफल राखून ठेवण्याचं भाडं किती, आणि आयात परवान्याच्या मुदतीत माल निघाला नाही तर मुदतवाढीचा खर्च कोणाचा. तिसरी ओळ सगळे विसरतात. आयात परवान्याला मुदत असते, निर्यात परवाना यायला महिने लागतात, आणि दोन्ही मुदती एकमेकींवर चढलेल्या असताना मधल्या खिडकीतच माल हलावा लागतो.

खटका_दुपदरी
एटीए कार्ने काढलं तर यातलं काही वाचतं का? स्पर्धेसाठी.

मोजपट्टी
कर आणि अनामत वाचते, शस्त्र परवाना नाही. कार्ने म्हणजे वस्तू परत जाणार याची हमी.

अवांतर: कुंद्यावर हस्तिदंती जडाव किंवा संरक्षित लाकूड असेल तर साइट्सचा (संरक्षित प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा करार) कागद वेगळा. रायफल सुटते आणि मूठ अडकते असंही होतं.

शून्य_साधक
तपासणीच्या टेबलाबद्दल एक राहिलं. काही रायफलींचा सिरियल नंबर कुंद्याच्या कडेखाली किंवा दुर्बिणीच्या माउंटखाली झाकला जातो. अधिकाऱ्याला नंबर दिसला नाही तर तो पुढे सही करत नाही. एका पानावर रायफलीचे दोन फोटो छापा: पूर्ण रायफल, आणि नंबराची जागा जवळून. बोल्टचा नंबर त्याच पानावर. कुंदा उतरवायला लागणारी षटकोनी चावी रायफलीच्याच केसमध्ये ठेवा, आणि ॲक्शनच्या स्क्रूचा घट्टपणा किती इंच-पौंड तेही त्या पानावर लिहून ठेवा. टेबलावर घाईने आवळलेला स्क्रू रायफलीचं शून्य (नेम आणि गोळी जुळवलेली मांडणी) हलवतो, आणि ते लक्षात येतं पहिल्या सराव गोळीला.